बिलाची ओळ आणि केस पेपरवरची नोंद

रुग्णालयाच्या बिलावरून होणारे वाद बहुतेक वेळा डिस्चार्जच्या दिवशी, कॅश काउंटरसमोर होतात. त्यामुळे बिलिंग हे काउंटरवरचे काम आहे असा समज नातेवाइकांइतकाच डॉक्टरांचाही झालेला असतो. डॉक्टरांनी उपचार करायचे, हिशेब अकाउंटंटने पाहायचा आणि परवान्यांची फाइल एखाद्या कन्सल्टंटकडे सोपवायची, अशी वाटणी खासगी रुग्णालयांत सर्रास दिसते. माझ्या मते घोळाचे मूळ या वाटणीतच आहे. बिल बरोबर की चूक हे वॉर्डात ठरते. सलाइन लावल्यावर सिस्टरने वेळ टाकून सही केली का, राउंडला आलेल्या डॉक्टरांनी दोन ओळी लिहिल्या का, ऑपरेशनला मागवलेल्या सामानातले न वापरलेले सामान फार्मसीत परत गेले का, यावर ते ठरते. बिलातल्या प्रत्येक ओळीला केस पेपरवर जोडीची नोंद असली पाहिजे. ही एक अट नेटाने पाळली तर रुग्णालयावर लागू होणारे निम्मे नियम वेगळे कष्ट न घेता पाळले जातात. ती मोडली तर भिंतीवर कितीही प्रमाणपत्रे टांगली, तरी पहिल्याच चौकशीत रुग्णालय उघडे पडते.

महाराष्ट्रातली कायद्याची चौकट आधी पाहायला हवी. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही. इथे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो. रुग्ण दाखल करून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला त्याखाली नोंदणी करावी लागते आणि ठरावीक मुदतीने तिचे नूतनीकरण करावे लागते. नुसती ओपीडी चालवणारे दवाखाने मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले आहेत. जानेवारी २०२१ मध्ये या कायद्याचे नियम बदलले. रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले आणि बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येणार नाही, हे नियमातच आले. याखेरीज जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम, अग्निसुरक्षेचा दाखला, सोनोग्राफी असेल तर गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा, औषध दुकानाचा परवाना अशी यादी वाढत जाते. ही यादी पाहून डॉक्टर वैतागतात, आणि त्यांचा वैताग रास्त आहे. एकाच इमारतीच्या कागदांसाठी चार कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागणे हे कुणाच्याही हिताचे नाही. मात्र या यादीतले बहुतेक कायदे शेवटी एकच गोष्ट विचारतात: जे केले ते लिहिले का, आणि जे लिहिले तेच केले का?

गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली गर्भवतीच्या सोनोग्राफीच्या वेळी भरायचा एफ फॉर्म हे याचे सर्वांत कडक उदाहरण. या फॉर्ममधल्या त्रुटी कारकुनी चुका मानाव्यात, त्यासाठी डॉक्टरवर फौजदारी कारवाई होऊ नये, अशी मागणी घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. मे २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. नोंद न ठेवणे हाच गुन्हा, कारण नोंद नसेल तर मूळ गुन्हा शोधायचा मार्गच बंद होतो, असा त्या निकालाचा आशय आहे. एका कायद्यापुरता दिलेला हा निकाल बिलाला थेट लागू होत नाही, पण त्यामागचा विचार होतो. नोंद हे कामाचेच अंग आहे. काम संपल्यावर सवडीने उरकायची ती बाब नव्हे.

आता बिलातली एकच ओळ जवळून पाहू. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने हृदयाच्या स्टेंटच्या कमाल किमती ठरवल्या. साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये, कर वेगळा. पुढे या आकड्यांत फेरबदल झाले. बातम्या किमतीच्या झाल्या, पण त्या आदेशातली दुसरी अट मला किमतीइतकीच मोलाची वाटते. अँजिओप्लास्टीच्या बिलात स्टेंटची किंमत स्वतंत्र ओळीत दाखवायची आणि तिथेच ब्रँड, उत्पादक किंवा आयातदार आणि बॅच क्रमांक लिहायचा. स्टेंटच्या खोक्यावर चिकटपट्टीचे छोटे लेबल असते. कॅथलॅबमधला तंत्रज्ञ ते काढून केस पेपरवर चिकटवतो. तोच क्रमांक खरेदीच्या चलनावर असतो आणि तोच बिलात उतरतो. म्हणजे रुग्णाच्या शरीरात गेलेली वस्तू, केस पेपर, खरेदीचा कागद आणि बिल अशी चार टोके एका क्रमांकाने बांधली जातात. इथे जादा पैसे लावायचे तर चारही ठिकाणी खोटे लिहावे लागेल, आणि तेही वेगवेगळ्या माणसांकडून. हीच शिस्त सलाइनच्या बाटलीला, कॅन्युलाला, हातमोज्यांच्या जोडीला लावता येईल का, हा खरा प्रश्न आहे.

कारण वाद होतात ते या किरकोळ ओळींवरूनच. शस्त्रक्रियेच्या आधी फार्मसीतून पिशवीभर सामान ओटीत जाते. भूल देणारे डॉक्टर ऐनवेळी काय लागेल ते सांगू शकत नाहीत, म्हणून सामान जरा जास्तच मागवले जाते, आणि ते योग्यही आहे. ऑपरेशन होते, चार इंजेक्शने आणि टाक्यांच्या धाग्याची दोन पाकिटे उरतात. ती परत करून बिलातून वजा करायची, तर कुणीतरी ती मोजली पाहिजेत, परताव्याची चिठ्ठी केली पाहिजे आणि फार्मसीने ती स्वीकारली पाहिजे. रात्रपाळीत एक सिस्टर दोन वॉर्ड सांभाळत असते, तेव्हा ही साखळी तुटते. उरलेले सामान ओटीच्या कपाटात जाते आणि पुढच्या रुग्णाला वापरले जाते. पुन्हा बिल लागले तर एकाच इंजेक्शनचे पैसे दोघांनी भरलेले असतात. यात कुणाचा लबाडीचा हेतू असेलच असे नाही. पण बिल हाती आल्यावर नातेवाइकाला हेतू दिसत नाही, आकडा दिसतो. परताव्याची चिठ्ठी केस पेपरला जोडायची सवय असलेल्या रुग्णालयात हा वाद पाच मिनिटांत मिटतो.

नोंद आणि बिल यांची अशी सांगड घालून पाहण्याचा मोठा प्रयोग राज्याने कोविडच्या काळात केला. मे २०२० च्या आदेशाने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांवर सरकारी दर लागू झाले: साध्या विलगीकरणाला दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरविना ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. जिल्हा प्रशासनाने आणि महापालिकांनी बिले तपासायला लेखापरीक्षक नेमले आणि अनेक रुग्णांना जादा रक्कम परत मिळाली. पण सर्वाधिक भांडणे दैनिक दराबाहेर राहिलेल्या बाबींवरून झाली, विशेषतः पीपीई किटवरून. एका पाळीत एका सिस्टरने घातलेले किट दहा रुग्णांना पुरले, तर प्रत्येकाच्या बिलात किती किट लावायचे? त्याची नोंद ठेवायची पद्धतच नव्हती, त्यामुळे लेखापरीक्षकाकडे अंदाज आणि रुग्णालयाकडे तोंडी खुलासा, एवढेच उरले. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कोविड नसलेल्या रुग्णांचे दर ठरवण्याचा अधिकार राज्याला नाही, असा निकाल दिला. दरनियंत्रण येते आणि जाते. दर कोणताही असो, तो कितीदा लावला याचा पुरावा मात्र वॉर्डातल्या नोंदीतूनच येतो.

मेडिक्लेमने तर हा पुरावा रोजची गरज करून ठेवला आहे. विमा नियामकाने मे २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितले की कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय द्या आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्या. उशीर झाला आणि त्यामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर ती कंपनीने सोसायची. नियम चांगला आहे. पण तीन तासांचे घड्याळ सुरू होते ते रुग्णालयाकडून डिस्चार्जची विनंती गेल्यावर. सकाळी नऊला डॉक्टर 'आज घरी जा' म्हणतात, डिस्चार्ज कार्ड बारा वाजता तयार होते, फायनल बिल दोनला निघते आणि कागद विमा दावे हाताळणाऱ्या टीपीएकडे जातात तेव्हा दुपार टळून गेलेली असते. मग क्वेरी येते: दाखल करताना 'ताप, तपासणी सुरू' लिहिले होते, डिस्चार्ज कार्डावर न्यूमोनिया आहे, एक्स-रेचा रिपोर्ट कुठे आहे? अतिदक्षता विभागाचे तीन दिवस लावले आहेत, पण दुसऱ्या दिवशीच्या राउंडची नोंद नाही. यातल्या बहुतेक क्वेरींचे उत्तर केस पेपरात असायला हवे. नसले की डॉक्टरांना ओपीडी सोडून खुलासे लिहावे लागतात, आणि कापलेली रक्कम एक तर रुग्ण भरतो किंवा रुग्णालय सोडून देते.

खोलीभाड्याचा मुद्दा इथेच सांगायला हवा, कारण तो अनेक सुशिक्षित घरांनाही ठाऊक नसतो. समजा पाच लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये आहे आणि रुग्णाने ८,००० ची खोली घेतली. फरकाचे ३,००० रोज आपण भरू, असा हिशेब नातेवाईक करतात. प्रत्यक्षात खोलीचा वर्ग वाढला की सर्जनची फी, ओटीचा आकार, व्हिजिटचे दर असे सगळेच वाढतात. म्हणून कंपनी याही रकमा पाचास आठ या प्रमाणात कापते. ४०,००० च्या सर्जन फीपैकी २५,००० मंजूर होतात, १५,००० खिशातून जातात. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही, असे नियामकाने २०२० मध्ये स्पष्ट केले. आणखी एक गोष्ट त्यात होती: खोलीच्या वर्गानुसार फी न बदलणाऱ्या रुग्णालयाच्या बिलात अशी प्रमाणशीर कपात करता येत नाही. म्हणजे आपले दर सर्व वर्गांना सारखे आहेत हे एखाद्या छोट्या रुग्णालयाने दरपत्रकात स्वच्छ लिहिले, तर रुग्णाचे हजारो रुपये वाचतात. लिहिलेच नसेल तर सारखे दर असूनही कात्री लागू शकते. शिवाय अतिदक्षता विभाग सोडून दिवसाला ५,००० रुपयांच्या वर भाडे असलेल्या खोलीवर १८ जुलै २०२२ पासून पाच टक्के जीएसटी आहे. ८,००० च्या खोलीवर रोजचे ४०० रुपये. बाकी उपचारसेवा करमुक्त आहेत, त्यामुळे बिलात खोलीची ओळ वेगळी नसेल तर कर बरोबर लागला की नाही, हेही कळत नाही.

रोख रकमेचा नियमही असाच, बिलाशी बांधलेला. एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एकाच प्रसंगाशी निगडित व्यवहारांत दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याने एप्रिल २०१७ पासून मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा आहे. गावाकडून आलेले कुटुंब ८०,००० चे तीन हप्ते वेगवेगळ्या दिवशी रोखीने भरते, काउंटरवरचा मुलगा प्रत्येक वेळी पावती देतो, आणि एकाच दाखल रुग्णापोटी २,४०,००० रुपये जमा होतात. पावत्या आयपीडी क्रमांकाला जोडलेल्या असतील तर तिसऱ्या हप्त्याला संगणक अडवतो. नसतील तर वर्षाअखेरीस सीएंच्या लक्षात येते, आणि तेव्हा काही करता येत नाही.

नोंद आणि बिल जोडण्याच्या या आग्रहाविरुद्ध पहिला आक्षेप छोट्या रुग्णालयांचा असतो: दहा-पंधरा खाटा, डॉक्टर पती-पत्नी, चार सिस्टर; आम्ही उपचार करायचे की कारकुनी? परवान्यांच्या बाबतीत हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मोठ्या साखळी रुग्णालयाला आणि तालुक्याच्या प्रसूतिगृहाला एकाच मापाने मोजू नये. पण नोंद आणि बिल जोडण्याचे काम छोट्या ठिकाणीच सोपे असते. तिथे महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. केस पेपरच्या रोजच्या पानावर उजवीकडे एक रकाना आखायचा. व्हिजिट, इंजेक्शन, ड्रेसिंग, ऑक्सिजनचे तास तिथेच टिपायचे. संध्याकाळी त्यावरून बिल पुढे न्यायचे आणि नातेवाइकाची सही घ्यायची. बिल रोज वाढताना दिसले की शेवटच्या दिवशीचा धक्का टळतो, आणि पैसे संपत आलेले कुटुंब वेळेवर सांगू शकते, दुसरीकडे हलवायचे की सरकारी योजनेत बसवायचे ते ठरवू शकते.

दुसरा आक्षेप असा की वैद्यकी म्हणजे किराणा नव्हे, सर्जनचे कसब ओळींत तोडून दाखवता येत नाही. खरे आहे, आणि त्यासाठी पॅकेजची पद्धत योग्यच आहे. सरकारही महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पॅकेजच देते. पण पॅकेजमध्ये काय आहे आणि काय नाही हे दाखल होतानाच लिहून दिले पाहिजे. 'पॅकेज ६०,०००' सांगून शेवटी भूल, औषधे आणि पॅथॉलॉजी वेगळी लावली, तर त्याला पॅकेज म्हणता येत नाही. गुंतागुंत झाली तर खर्च वाढणारच, पण त्या दिवशीच्या केस पेपरवर गुंतागुंतीची नोंद आणि नातेवाइकांशी झालेले बोलणे असेल, तर वाढीव बिलाला आधार मिळतो.

सर्वांत वजनदार आक्षेप तिसरा आहे. नोंदीशी तंतोतंत जुळणारे बिलही अन्याय्य असू शकते. औषध किंमत प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली आणि परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा आढळला, आणि यातला बराचसा छापील किमतीच्या आतच घेतलेला होता. म्हणजे सिरिंज खरोखर वापरली, नोंदही होती, पण खोक्यावरची किंमतच फुगवलेली होती. याचे उत्तर नोंदीत नाही हे मला मान्य आहे. ते किंमत नियंत्रणात आणि रुग्णाला बाहेरून औषध आणू देण्यात आहे. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला, तेव्हा न्यायालयाने सक्तीचे आदेश न देता धोरण ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले. पण प्राधिकरणाला तो नफा दिसला कशामुळे? खरेदीची किंमत आणि बिलातली ओळ शेजारी ठेवता आली म्हणून. 'औषधे व साहित्य: ४२,०००' अशी एकच ओळ असती, तर टक्केवारी काढताच आली नसती.

धर्मादाय रुग्णालयांच्या बाबतीत तर खरेदी किंमत हाच कायद्याचा पाया आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१एए कलमाखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने ठेवायच्या असतात, आणि एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. या रुग्णांचे बिल सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने करायचे आणि औषधे, साहित्य, इम्प्लांट रुग्णालयाला पडलेल्या खरेदी किमतीने लावायचे. आता समजा फार्मसीचा संगणक फक्त छापील किंमत जाणतो. मग निर्धन रुग्णाचे बिल फुगते, निधी लवकर आटतो, आणि पुढच्या निर्धन रुग्णाला 'निधी शिल्लक नाही' असे उत्तर मिळते. खाट दिली, सवलत दिली, कागदावर योजना पाळली. तरी एका चुकीच्या दराने गरिबाचा पैसा फार्मसीच्या नफ्यात गेला. हे मला सर्वांत जास्त खटकते.

म्हणून तपासणीची पद्धत बदलायला हवी. नोंदणी अधिकाऱ्यांची भेट अनेकदा परवान्यांच्या मुदती आणि भिंतीवरचा दरफलक पाहून संपते. त्याऐवजी गेल्या तीन महिन्यांतली पाच फायनल बिले काढायला सांगावीत, त्यांचे केस पेपर मागवावेत आणि वीस-वीस ओळी ताडून पाहाव्यात. एवढ्याने रुग्णालयाची खरी स्थिती तासाभरात कळेल. रुग्णांनीही तेच करावे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार केस पेपरची मागणी केल्यापासून ७२ तासांत प्रत द्यावी लागते आणि नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. बिल हाती पडले की वाद घालण्याआधी तपशीलवार बिल आणि केस पेपरची प्रत, दोन्ही एकाच अर्जात मागावीत, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर रुग्णालयाचा शिक्का आणि तारीख घ्यावी, आणि दोन्ही कागद आल्यावर न जुळणाऱ्या ओळींवर खूण करून खुलासा लेखी मागावा.